अ‍ॅप कोणत्या स्टोअरमधून घ्यावे?

नवा अँड्रॉइड फोन पहिल्यांदा चालू केला, की अ‍ॅप मिळवण्याचे एकाहून अधिक मार्ग त्यात आधीच तयार असतात. गुगलचे प्ले स्टोअर तर असतेच. सॅमसंगचा फोन असेल तर गॅलेक्सी स्टोअर असते, शाओमीचा असेल तर पूर्वी गेटअ‍ॅप्स असे आणि २०२५ पासून त्याच्या जागी फोनपेचे इंडस अ‍ॅपस्टोअर येऊ लागले. त्यातून आमच्या इंदूरच्या जेल रोडवर फोन घेतला असेल, तर दुकानदार आपुलकीने ‘सब डालकर देता हूँ’ म्हणत आणखी काही अ‍ॅप्स स्वतःच घालून देतो आणि ती कोठून आली हे घेणारा विचारत नाही. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील आमच्या नातेवाइकांचे आणि परिचितांचे फोन लावून देण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. अ‍ॅप कोणते घ्यावे याची चर्चा तेथे पुष्कळ होते, परंतु ते कोठून घ्यावे याची होत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. एखाद्या स्टोअरमध्ये किती लाख अ‍ॅप्स आहेत हे पाहण्यापेक्षा, तेथून घेतलेल्या अ‍ॅपवर सही कोणाची असते आणि त्याचा पुढचा अपडेट कोणाच्या हातून येणार आहे, हे पाहून स्टोअर निवडावे, असे मला वाटते.

या सहीचे स्वरूप आधी स्पष्ट करायला हवे. अँड्रॉइडवरील अ‍ॅप एपीके नावाच्या फाइलच्या रूपात फोनवर येते आणि त्या फाइलवर एका गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असते. पूर्वी लखोट्यावर लाखेची मोहोर उमटवत, तसेच हिचे काम आहे: मोहोर फोडल्याशिवाय आतला मजकूर बदलता येत नाही आणि ज्याच्याकडे ती असेल त्यालाच ती पुन्हा उमटवता येते. फोन एखादे अ‍ॅप पहिल्यांदा घेतो तेव्हा ही सही लक्षात ठेवतो आणि पुढे त्याच अ‍ॅपचा अपडेट आला, की सही तीच आहे ना, एवढे तपासतो. जुळली तर अपडेट आत घेतला जातो, न जुळल्यास नाकारला जातो. सही करणारा सज्जन आहे की नाही, किंवा मध्यंतरी अ‍ॅपची मालकी कोणी विकत घेतली आहे का, याच्याशी या तपासणीचा काहीही संबंध नसतो. त्यामुळे अ‍ॅप आज चांगले आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ते उद्या कोणते रूप घेईल हे किल्ली ज्याच्या हाती आहे तो ठरवतो आणि स्वयंचलित अपडेट चालू असल्यास आपल्याला ते कळतही नाही.

किल्ली कोणाच्या हाती असते, याबाबत स्टोअरांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. प्ले स्टोअरवर ऑगस्ट २०२१ पासून नवी अ‍ॅप्स ‘अ‍ॅप बंडल’ या स्वरूपातच द्यावी लागतात. त्यातून प्रत्येक फोनला योग्य अशी फाइल गुगल स्वतः तयार करते आणि त्यासाठी सहीची किल्लीही गुगलकडे ठेवलेली असते. एफ-ड्रॉइड या स्वयंसेवकांनी चालवलेल्या स्टोअरची पद्धत निराळी आहे. तेथे अ‍ॅपकर्त्याने दिलेली तयार फाइल सहसा घेतली जात नाही. त्याने सर्वांसाठी उघडा ठेवलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, घेऊन एफ-ड्रॉइडचे लोक आपल्या सर्व्हरवर अ‍ॅप नव्याने बांधतात आणि आपली सही करतात. काही अ‍ॅप्स मात्र अशी असतात, की एफ-ड्रॉइडने बांधलेली फाइल आणि अ‍ॅपकर्त्याने बांधलेली फाइल तंतोतंत सारखी निघते, आणि मग तेथे मूळ कर्त्याची सही कायम ठेवता येते.

याचा रोजच्या वापरातील परिणाम पुष्कळांना ठाऊक नसतो. एकच अ‍ॅप दोन स्टोअरमध्ये असले, तरी सह्या भिन्न असल्यास ती अ‍ॅप्स एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपवर एफ-ड्रॉइडचा अपडेट बसवू गेल्यास फोन ‘अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही’ एवढेच सांगतो. मग जुने अ‍ॅप काढून टाकावे लागते आणि त्यासोबत त्यातील नोंदी, सेटिंग आणि साठवलेली माहितीही जाते. म्हणून स्टोअर बदलायचे ठरले, तर आधी त्या अ‍ॅपमधील ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ची सोय वापरून माहिती बाहेर काढून ठेवावी आणि एका अ‍ॅपसाठी एकच स्टोअर हा नियम शेवटपर्यंत पाळावा. एखादे अ‍ॅप आपण कोठून घेतले आहे हे आठवत नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीचे पान उघडून तळाशी पाहावे. बहुतेक फोनांवर तेथे स्टोअरचे नाव दिलेले असते. दुकानदाराने घालून दिलेल्या अ‍ॅप्सची छाननी मी याच पानावरून करते.

आता एकेका स्टोअरकडे वळू. प्ले स्टोअर २००८ मध्ये ‘अँड्रॉइड मार्केट’ या नावाने सुरू झाले आणि मार्च २०१२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. बँकेचे अ‍ॅप, यूपीआयचे अ‍ॅप, डिजिलॉकर, आपल्या महापालिकेचे ‘इंदौर ३११’, वीज कंपनीचे ‘ऊर्जस’ अशा, पैशांशी किंवा शासकीय कामाशी जोडलेल्या प्रत्येक अ‍ॅपसाठी मी प्ले स्टोअरच निवडते आणि इतरांनाही तेच सांगते. या अ‍ॅप्सचे सुरक्षेचे अपडेट तेथे विनाविलंब येतात. शिवाय अशा संस्था आपल्या संकेतस्थळावर प्ले स्टोअरचा दुवा देतात, तेव्हा तेथून जाणे हा नकली अ‍ॅप टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. स्टोअरमध्ये नाव शोधून पहिल्या ओळीत आलेले अ‍ॅप घेण्यापेक्षा संस्थेच्या संकेतस्थळावरील दुव्याने जावे, हा आग्रह मी धरते, कारण वरच्या ओळीत पुष्कळदा जाहिरात असते.

परंतु प्ले स्टोअरमध्ये आहे म्हणून अ‍ॅप विश्वासार्ह, असे समीकरण मांडता येणार नाही. कॅमस्कॅनर हे कागदपत्रे स्कॅन करण्याचे अ‍ॅप दहा कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्यातील जाहिरातींच्या घटकात घातक कोड आढळला. अ‍ॅप तेच होते, सही तीच होती, फक्त एका अपडेटमधून नको ते आत आले होते. दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ या नावाने गॅलरी, कॅलेंडर, फाइल व्यवस्थापक अशी अनेक साधी, जाहिरातविरहित अ‍ॅप्स लोकप्रिय होती. २०२३ च्या अखेरीस त्यांच्या कर्त्याने ती झिपोअ‍ॅप्स नावाच्या कंपनीला विकली. ज्यांनी ती प्ले स्टोअरवरून घेतली होती, त्यांच्या फोनवर पुढचे अपडेट नव्या मालकाकडून येणार होते आणि फोनच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते. मूळ प्रकल्पात काम केलेल्या एका सहकाऱ्याने जुना उघडा कोड घेऊन ‘फॉसिफाय’ या नावाने ती अ‍ॅप्स पुढे चालू ठेवली. जे लोक एफ-ड्रॉइडचा वापर करत होते, त्यांच्याकडे नव्या मालकाचा बंद कोड येण्याची वाटच नव्हती, कारण सोर्स कोड उघडा असल्याशिवाय तेथे काही प्रसिद्धच होत नाही.

प्ले स्टोअरवर २०२२ पासून ‘डेटा सुरक्षितता’ नावाचा भाग दिसतो. त्यातील माहिती अ‍ॅपकर्ता स्वतः भरतो, एवढे लक्षात ठेवून तो वाचावा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सच्या बाबतीत तर कोणत्याही स्टोअरवर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार भारतातील वापरकर्त्यांना ऐंशीहून अधिक अ‍ॅप स्टोअरांवर मिळून सुमारे १,१०० कर्जविषयक अ‍ॅप्स उपलब्ध होती आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. ऐंशीहून अधिक स्टोअर आपल्या देशातील वापरकर्त्यांपर्यंत पोहोचत होती, ही बाबच अनेकांना नवी असेल.

एफ-ड्रॉइडबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण आपल्याकडे त्याची माहिती फार कमी लोकांना आहे. ते २०१० मध्ये सुरू झाले. तेथे खाते उघडावे लागत नाही, फोन नंबर द्यावा लागत नाही, जाहिराती नाहीत आणि पैसेही नाहीत. प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर त्याला कोणकोणत्या परवानग्या लागतात हे दिलेले असते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अ‍ॅपमध्ये वापरकर्त्याच्या हिताविरुद्ध काही असेल, उदाहरणार्थ माग काढणे, जाहिराती दाखवणे किंवा जिचा कोड उघडा नाही अशा सेवेवर अवलंबून असणे, तर तसा इशारा स्टोअर स्वतः छापते. आपल्याच मालाचे दोष पानावर मांडणारे स्टोअर ही मला फार आदराची गोष्ट वाटते.

त्याचा सर्वांत मोठा उपयोग मी कीबोर्डसाठी करते. कीबोर्ड हे फोनवरील सर्वांत नाजूक अ‍ॅप आहे, कारण पासवर्डपासून खासगी पत्रापर्यंत आपण जे जे टंकतो ते त्याच्यामधूनच जाते. एफ-ड्रॉइडवरील हेलिबोर्ड हा कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे टंकलेला मजकूर त्याला बाहेर पाठवता येत नाही. आणि त्यात मराठीची मांडणी आहे. बोलून लिहिण्याची स्वतःची सोय त्यात नाही, ही उणीव मी मान्य करते, आणि ज्या ज्येष्ठांना टंकता येत नाही व जे बोलूनच लिहितात, त्यांना तो मी सुचवत नाही. नकाशांसाठी ऑस्मअँड या अ‍ॅपची पूर्ण आवृत्ती प्ले स्टोअरवर पैसे देऊन मिळते, तर एफ-ड्रॉइडवर तीच विनामूल्य आहे. महू किंवा मांडूच्या बाजूला जाताना जेथे नेटवर्क तुटते, तेथे आधी उतरवून ठेवलेला नकाशा उपयोगी पडतो. पॉडकास्ट ऐकण्यासाठी अँटेनापॉड आणि छायाचित्रांसाठी फॉसिफायची गॅलरी, एवढ्यावर बहुतेकांची गरज भागते.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अ‍ॅप तेथे नव्याने बांधले जात असल्यामुळे अपडेट प्ले स्टोअरच्या मानाने काही दिवस उशिरा येतो, आणि एखाद्या सुरक्षेच्या त्रुटीवरील उपाय असेल तर हा उशीर उपेक्षणीय नसतो. अ‍ॅप्सची संख्या काही हजारांतच आहे. बँका, रेल्वे, टॅक्सी यांतील काहीही तेथे मिळणार नाही. लोकांचे अभिप्राय आणि तारे तेथे नाहीत, म्हणून निवड स्वतः वाचून करावी लागते. आणि तेथेही विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो. फक्त तो एका कंपनीऐवजी, ज्याचे काम कोणालाही तपासता येते अशा गटावर ठेवला जातो.

फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्टोअरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सॅमसंगच्या फोनवर कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स गॅलेक्सी स्टोअरमधून अद्ययावत होतात आणि काही खास सोयीही तेथे मिळतात, तेव्हा ते बंद करू नये; मात्र इतर अ‍ॅप्स तेथून घेण्याचे कारण मला दिसत नाही. अशा स्टोअरांचे आयुष्यही अनिश्चित असते. अ‍ॅमेझॉनने मार्च २०११ मध्ये आपले अ‍ॅपस्टोअर सुरू केले होते आणि २० ऑगस्ट २०२५ रोजी अँड्रॉइड फोनांवरील ही सेवा बंद केली. आपल्या फायर उपकरणांवर ती चालू राहिली, परंतु ज्यांनी फोनवर तेथून अ‍ॅप्स घेतली होती त्यांना ती पुढे चालतील याची हमी कंपनीने दिली नाही. अ‍ॅपमध्ये काहीही दोष नसताना केवळ स्टोअर मिटल्यामुळे अपडेटची वाट बंद होते, हे यावरून ध्यानात यावे.

इंडस अ‍ॅपस्टोअरबाबत मात्र माझ्या मनात आस्था आहे. ते २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाले आणि इंग्रजीशिवाय मराठी धरून बारा भारतीय भाषांत ते वापरता येते. माझी आत्या आयुष्यभर इंदुरात राहूनही वाचायला मराठीच पसंत करते. तिच्यासारख्या वाचकाला अ‍ॅपचे वर्णन मराठीत मिळणे ही मोठी सोय आहे, जरी अ‍ॅप उघडल्यावर आत पुन्हा इंग्रजीच समोर येत असली तरी. अ‍ॅपकर्त्यांना आपल्या पसंतीची पैसे भरण्याची व्यवस्था वापरू देण्याचे आणि त्यावर कमिशन न घेण्याचे धोरण त्यांनी जाहीर केले, हेही स्वागतार्ह आहे. हे स्टोअर भारतीय असले, तरी फोनपेची बहुतांश मालकी वॉलमार्टकडे आहे, तेव्हा स्वदेशीच्या भावनेपेक्षा त्याच्या कामगिरीवर ते जोखावे. सध्या खेळ, बातम्या, पाककृती अशा कामांसाठी ते वापरायला हरकत नाही, पण पैशांची अ‍ॅप्स मी अजून तेथून घेत नाही. दोन-तीन वर्षे त्याचे अपडेट प्ले स्टोअरच्या बरोबरीने येत राहिले, तर माझे मत बदलेल.

स्पर्धक स्टोअर असावीत, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, परंतु इतर अ‍ॅप स्टोअर प्ले स्टोअरमधूनच मिळू द्यावीत, हा आयोगाचा निर्देश रद्द केला. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. इतर स्टोअर प्ले स्टोअरमध्ये का सापडत नाहीत, याचे उत्तर मार्च २०२३ च्या निकालात आहे. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गुगलने भारत मॅट्रिमनी, नोकरी यांसारख्या भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली आणि शासनाने हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांत परत आणली. त्या दिवसांत नवा फोन घेतलेल्या माणसाला ती अ‍ॅप्स प्ले स्टोअरमध्ये मिळू शकत नव्हती. एका स्टोअरच्या निर्णयाने देशभरातील सेवा दिसेनाशी होऊ शकते, हे ज्यांना पटते, त्यांनी निदान एक दुसरे स्टोअर वापरात ठेवावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल हे कोणतेच स्टोअर नव्हे. लग्नाची पत्रिका, वाहनाचे ई-चलन, बँकेची केवायसी किंवा शासकीय योजना अशा नावांनी आलेल्या फाइल उघडून लोकांची खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी देशभर होत आहेत. तेथे सही असते, पण ती कोणाची हे सांगणारा कोणीच नसतो. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, अनोळखी स्रोतावरून अ‍ॅप बसवण्याची परवानगी संपूर्ण फोनला एकदाच न देता प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल व्यवस्थापक यांपैकी कोणाकडेही असू नये. सेटिंगमध्ये जाऊन हे आजच पाहावे. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे अडवण्यासाठी पहिले काही तासच हाती असतात.

याच फसवणुकीचे कारण देऊन गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले, की प्रमाणित, म्हणजे गुगलची मान्यता असलेल्या, अँड्रॉइड फोनांवर, अ‍ॅप कोणत्याही मार्गाने येवो, त्याच्या कर्त्याने आपली ओळख गुगलकडे नोंदवलेली असावी लागेल. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र हा नियम लागू करण्याची योजना आहे. एफ-ड्रॉइडने याला जाहीर विरोध केला, आणि नंतर जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असे गुगलने सांगितले. फसवणारे लोक निनावी असतात, हे मी नाकारत नाही. तरीही कोणाचे अ‍ॅप फोनवर चालावे हे ठरवण्याचा अधिकार, स्वतःच सर्वांत मोठे स्टोअर चालवणाऱ्या कंपनीकडे एकवटणे मला अयोग्य वाटते, आणि भारतात हा नियम येण्यापूर्वी स्पर्धा आयोगाने त्याची तपासणी करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आयफोन वापरणाऱ्यांना यातील बहुतेक निवड करायचीच नसते. युरोपीय संघात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट या स्पर्धाविषयक कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर इतर स्टोअर घेता येतात, परंतु भारतात अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर हाच एक मार्ग आहे.

आत्यासारख्या वापरकर्त्यांच्या फोनवर मी प्ले स्टोअरच ठेवते, इंडस असल्यास राहू देते आणि अनोळखी स्रोताच्या सर्व परवानग्या बंद करते. ज्यांना फोनची जाण आहे आणि वाचून निर्णय घेण्याची तयारी आहे, त्यांनी प्ले स्टोअरच्या जोडीला एफ-ड्रॉइड घ्यावे. ते प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही, म्हणून ब्राउझरमध्ये एफ-ड्रॉइडच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून, शोध यंत्रातील जाहिरातीवर न जाता, तेथून फाइल उतरवावी. ब्राउझरला त्यासाठी तात्पुरती परवानगी द्यावी लागेल. एफ-ड्रॉइड बसले, की ती लगेच काढून घ्यावी आणि अ‍ॅप्स बसवण्याची परवानगी फक्त एफ-ड्रॉइडकडे ठेवावी. पहिल्यांदा उघडल्यावर अ‍ॅप्सची यादी उतरायला थोडा वेळ लागतो. सुरुवात कीबोर्डपासून करावी, आणि जुना कीबोर्ड काढून टाकण्याची घाई न करता काही दिवस दोन्ही ठेवून पाहावेत.